सातव्या रकान्यातलं पेव

देवमन काही खोटं बोलणारा माणूस नव्हता. खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल व्हायचे, अन् बायको चतुराबाई चुलीपाशी बसल्या बसल्या ते ओळखायची. पण कागदावर लिहिणाऱ्याचे कान कोण पाहतं? त्या दिवशी त्यानं सातव्या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं, खाली झोकात सही ठोकली आणि पेनाचं टोपण लावलं.

कागद आणला होता त्याच्या स्वतःच्या पोरीनं. प्रियदर्शनी अमरावतीत घरांचे नकाशे काढून द्यायची, कामांवर देखरेख करायची. श्रावणात नऊ दिवस झड लागली आणि गावातल्या जुन्या मातीच्या घराची मागची भिंत बसली. तेव्हापासून नवराबायको आवारातच टिनाच्या शेडात राहत होते. दिवाळीही तिथंच झाली. आता उरलेलं घर पाडून तिथंच स्लॅबचं बांधायचं ठरलं, नकाशा पोरीचाच. पण ती बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून जो कागद भरून घ्यायची, तोच तिनं बापापुढे ठेवला.

"मी कायले भरू?" देवमन म्हणाला. "काम तं गयासुद्दीन मिस्त्रीले देल्लं. आता त्याचं तो पाहीन."

"ठेका देल्ला म्हनून मालक सुटत नाही, बाबा. कायदाच हाय तसा. जागा कोनाची हाय? तुमची. खाली काय हाय, शेजारची भीत पक्की हाय का कच्ची, हे खोदनाऱ्याले कोन सांगन?"

"त्याले डोये हायेत ना!"

"जमिनीखालचं दिसते का डोयानं?"

सातवा रकाना नेमका तोच होता. जागेखाली जुनी विहीर, पेव, शोषखड्डा, नळ, वायर असल्यास कुठे, किती खोल? देवमननं 'पेव' हा शब्द वाचला, चष्मा काढून पुसला आणि मग 'काही नाही' लिहिलं. पोरीनं कागद फाईलमध्ये टाकला. बापावर तिचा विश्वास होता, हीच पंचाईत.

कारण पेव होतं. उत्तरेच्या कोपऱ्यात, पंजाबरावच्या भिंतीपासून हातभर अंतरावर. पूर्वी ज्वारी साठवायला गावाखालच्या पांढऱ्या मातीत पेवं खणत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत पोट बैलगाडी मावेल एवढं. देवमनच्या बापानं ही जागा पंजाबरावच्या बापाकडून विकत घेतली, अन् खरेदीची शाई वाळली न वाळली तोच तो म्हातारा ओट्यावर उभा राहून ओरडला होता, "जागा विकली, पेव नाही विकलं!" पेवाचं पोट दोन्ही घरांखाली होतं. कोर्टात जातो म्हणाला. देवमनच्या बापानं एका सकाळी पेवाच्या तोंडावर शिळा टाकली, वर माती, माथ्यावर शेणाची जमीन, आणि दहा वर्षांच्या देवमनला सांगितलं, "याचं नाव काढलं का घर गेलं समज." पुढे बाप गेला. पंजाबराव मात्र बापाचा वारसा चालवत दर दोनचार वर्षांनी एखाद्या लग्नाच्या पंगतीत आठवण काढायचाच, "आमचं पेव हाय बरं का तुमच्या घराखाली." देवमन हसून वरण मागायचा. चतुराबाईला वाटायचं, पंजाबरावची चेष्टा आहे.

आता सांगा, अशा माणसानं कागदावर काय लिहावं? खरं लिहावं! पण ते आपण म्हणतो, आपलं घर पडलेलं नसतं म्हणून.

गयासुद्दीन मिस्त्री तिवस्याचा. मेंदी लावलेली दाढी, खांद्यावर टॉवेल, आणि तोंडात सतत कुठला तरी हिशोब पुटपुटणं चाललेलं. त्याच्याबरोबर खोदायला गावातलाच धर्मपाल आणि त्याची बायको आशाबाई. दोघांची सरकारदरबारी बांधकाम कामगार म्हणून नोंद झालेली, तिथून दोघांना डोकं वाचवायच्या कडक पिवळ्या टोप्या मिळाल्या होत्या. प्रियदर्शनीनं सांगून ठेवलं होतं, टोपीशिवाय खड्ड्यात कोणी दिसला तर काम बंद. आशाबाईच्या टोपीत कांदे ठेवलेले होते, ते काढून तिनं ती डोक्यावर घातली, अन् पहिले दोन दिवस साऱ्या आवारात कांद्याचा वास सुटला.

घराच्या कालमांसाठी नऊ खड्डे खोदायचे होते. धर्मपाल सबलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, माती फोडायचा, आशाबाई फावड्यानं घमेलं भरून वर द्यायची. धर्मपालचं अंग बारकं पण चिवट. पाठीवरचा बनियान दहा वाजेतोवर ओला चिंब व्हायचा आणि दुपारी मिठाचे पांढरे डाग धरून सुकायचा. वर मार्गशीर्षाचं ऊन, सकाळी गोड, अकराला कडक. देवमन कडेला खाटेवर बसून पाहायचा. चहा आणून द्यायचा, पाण्याची घागर भरून ठेवायचा. एवढी सेवा मालक कधी करत नाही, म्हणून आशाबाई हसून म्हणाली, "काकाजी, तुमी तं सोयऱ्यासारखे वागून राह्यले."

देवमनचे कान लाल झाले.

तीन दिवसांत पाच खड्डे झाले. चौथ्या दिवशी मिस्त्रीनं चुन्याच्या फक्कीनं उत्तरेच्या कोपऱ्यात सहाव्याचा चौकोन मारला. शिळेच्या बरोबर वर. देवमन खाटेवरून उठला.

"मिस्त्री, हा जरा इकडे सरकवा."

"किती?"

"पाचेक फूट."

गयासुद्दीननं पुटपुटणं थांबवलं. "पाच फूट? देवमनभाऊ, ह्या कालम हाय, बाज नाही सरकवाले. तुमच्या घरात खिडकीच्या मधात कालम उभा राहीन. बाईसायबानं नकाशा देल्ला, तसाच बसवाचा."

"नाही म्हंजे... ह्या कोपरा चांगला नाही."

"काहून?"

आता काय सांगावं? देवमनच्या तोंडून निघून गेलं, "वास्तूच्या हिशेबानं."

मिस्त्रीनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग धर्मपालकडे, मग शेडाच्या भिंतीवर लावलेल्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे. आणि दोघंही असे हसले की धर्मपालला सबल टेकवून उभं राहावं लागलं.

"भाऊ, तुमी अन् वास्तू!"

चतुराबाई शेडातून तावातावानं बाहेर आली. "काय वो! बुद्धी शाबूत हाय ना? बत्तीस वर्सं एश्टीत नोकरी केली, गावात वंदना तुमी घेता, अन् आता कोपरा चांगला नाही? पोरीनं आयकलं तं काय म्हनन?" ती एवढ्यावर थांबली नाही. मिस्त्रीकडे वळून म्हणाली, "खोदा तुमी. ह्यायचं काही आयकू नका."

बायकोनं मजुरांसमोर असं झापल्यावर मालकाची मालकी ती काय उरते! देवमन निमूट खाटेवर जाऊन बसला. बसला, पण जीव खड्ड्याकडे. एकदा वाटलं, मिस्त्रीला बाजूला घेऊन सांगावं. तेवढ्यात भिंतीपलीकडे पंजाबराव खाकरला. देवमन खाटेवरून उठलाच नाही.

मनाशी म्हणाला, शिळा आहे ना वर. शिळा लागली की मिस्त्री म्हणेल खडक आहे, इथंच थांबवू. खोटं माणसाला असंच पुढे नेतं, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर, अन् प्रत्येक पायरी मोठी शहाणपणाची वाटते.

दुपारी शिळा लागली. चार फूट खोल. मिस्त्री तेव्हा जेवायला बाभळीखाली गेला होता, आशाबाईही डबा सोडायला वळली होती. धर्मपालनं सबल मारली, आवाज पोकळ आला. त्यानं कडेनं उकरलं, सबलीचं टोक घालून शिळा तरफली. ती सरकली आणि खालून आंबूस, कुजट वाफारा आला. सबल हातातून सुटली आणि आत गेली.

सबल म्हणजे धर्मपालचा उजवा हात. बापाच्या वेळची, मूठ घासून गुळगुळीत झालेली. त्यानं वाकून पाहिलं. आत ढासळलेल्या मातीचा ढीग दिसला, त्यावर आडवी पडलेली सबल. फार तर पुरुषभर खाली. त्यानं पाय सोडले, दोन्ही कोपरं काठावर टेकली आणि खाली उतरला.

देवमन घागर भरून परत येत होता. लांबून त्याला खड्डा रिकामा दिसला. मग पिवळी टोपी दिसली, मातीच्या बरोबरीनं. मग टोपीही दिसेनाशी झाली.

बहात्तरच्या दुष्काळात ह्याच गावात दोन भावांनी धान्याच्या आशेनं जुनं पेव उघडलं होतं. आधी एक उतरला, वर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला. दोघांना एकाच गाडीत घालून नेताना देवमननं बापाच्या धोतराआडून पाहिलं होतं. बंद पेवातली हवा विषारी असते, दिवसभर तोंड उघडं ठेवून, कंदील सोडून पाहिल्याशिवाय उतरायचं नसतं, हे तेव्हा पोराटोरांनाही माहीत झालं होतं.

घागर फुटली. "धर्मपाल! निंग वर! पेव हाय ते, पेव! हवा खराब हाय!"

साठी उलटलेला देवमन चार फुटांच्या खड्ड्यात उडी मारून गेला. धर्मपालचा चेहरा पेवाच्या तोंडाच्या वीतभर खाली होता. डोळे उघडे, पण ओळख नसलेले. गुडघे मोडत होते. देवमन पालथा पडला, श्वास कोंडला आणि मनगट धरलं. ओल्या घामानं ते सटकायला लागलं. दुसऱ्या हातानं त्यानं बनियानची गळपट्टी धरली, ती टर्रकन फाटली. मग काखेत हात घातला.

मिस्त्री धावत आला, टॉवेल फेकून सरळ पेवातच पाय टाकायला निघाला.

"उतरू नका!" देवमन ओरडला. ओरडताना छातीत घेतलेली हवा गेली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. "दुसरा बी मरते! वरूनच ओढा!"

दोघांनी ओढलं. वर आशाबाई आली होती. तिनं किंकाळी मारली नाही, सरळ खड्ड्यात उतरून नवऱ्याच्या कमरेचा करदोटा धरला. तिघांनी मिळून त्याला आधी खड्ड्याच्या तळावर, मग वर मोकळ्यावर काढलं. ओठ जांभळे पडलेले. चतुराबाई तोंडावर पाणी मारत होती आणि कोणाला तरी शिव्या देत होती, बहुतेक नशिबाला. मिस्त्री छाती चोळत होता, "या अल्लाह, या अल्लाह."

किती वेळ गेला देव जाणे. धर्मपालला ठसका लागला. तो कुशीवर वळला, सकाळची भाकर सारी ओकला, मग डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं.

"माही सबल खालीच रायली," तो म्हणाला.

मिस्त्री खाली बसला आणि हसता हसता रडायला लागला. चतुराबाईनं पदर तोंडाला लावला. एकटी आशाबाई हसली नाही. तिनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि देवमनकडे पाहिलं. टोपी कुठेतरी पडली होती, केस मातीनं भरले होते.

"काकाजी, तुमी पेव म्हनले. वरूनच म्हनले, पाहाच्या आंधी. तुमाले मालूम होतं?"

भिंतीपलीकडे पंजाबरावचा रेडिओ चालू होता. नाही म्हणायला अजूनही जागा होती. अंदाजानं म्हणालो, असं म्हणता आलं असतं. देवमनच्या छातीला खरचटलं होतं, त्यातून रक्त येत होतं, आणि नवऱ्याला वाचवणारा माणूस म्हणून आशाबाईनं पुढे जन्मभर त्याचे पाय धरले असते.

"होतं," तो म्हणाला. "लहानपनापासून मालूम होतं. मी सांगतलं नाही."

आशाबाईनं मान फिरवली. देवमनला आयुष्यात कोणी चपराक मारली नव्हती. ती कशी लागत असेल ते त्याला त्या दिवशी कळलं.

१०८ ची गाडी आली, धर्मपालला तिवस्याच्या दवाखान्यात नेलं. नाकाला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीण म्हणाली, वेळेवर काढला, आणखी पाच मिनिटं गेली असती तर मी काही करू शकले नसते. आजची रात्र ठेवू, उद्या सकाळी घरी न्या. देवमननं हे तीनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा डॉक्टरीण वैतागली, "आजोबा, जिवंत हाय तो! जा तुमी आता."

पायरीवर बसून देवमन रडला. मोकळं, आवाज काढून रडला. शेजारच्या पानटपरीवाल्यानं पाण्याची बाटली आणून दिली, गेलं का कोणी, म्हणून विचारलं. "नाही बाप्पा," देवमन म्हणाला, "राह्यलं!"

प्रियदर्शनी संध्याकाळी अमरावतीहून आली, तोवर तिला सगळं कळलं होतं. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती बापाशेजारी पायरीवर बसली.

"बाबा, एश्टीच्या वर्कशॉपात गाडीखाली शिराच्या आंधी तुमी काय पाहात होते?"

"जॅकच्या बाजूले लाकडाचा ओंडका लावला का नाही, ते."

"अन् कोनी न लावता म्हनलं का लावला हाय, तं?"

असं एकदा झालं होतं, आणि त्या सुपरवायझरच्या अंगावर देवमन स्वतः पाना घेऊन धावला होता.

"इथं गाडीखाली धर्मपाल होता," पोर म्हणाली, "अन् जॅक तुमच्या हातात. कायदा एवढंच म्हनते, बाबा. ज्याले माहीत हाय, त्यानं सांगाचं."

तिनं फाईलमधून कागद काढला. देवमननं 'काही नाही' वर आडवी रेघ मारली आणि लिहिलं: 'उत्तर कोपऱ्यात पेव. तोंड चार फूट खोल. आत विषारी हवा. माझ्या मालकीचे. मला माहीत होते.' शेवटचं वाक्य कुठल्याही रकान्यात मागितलेलं नव्हतं. प्रियदर्शनीनं ते वाचलं आणि तसंच राहू दिलं.

आता उरला पंजाबराव. गावी परतेपर्यंत देवमन मनाशी तयारी करत होता. कोर्ट तर कोर्ट. अर्धी जागा मागेल तर मागो. आवारात पाऊल टाकलं तर पंजाबराव खरंच येऊन बसला होता, देवमनच्याच खाटेवर, चतुराबाईनं केलेला चहा बशीत ओतून.

"देवमन, मी काय म्हंतो," त्यानं घाईघाईनं सुरुवात केली, "पोलीस आल्ते का?"

"येतीन. दवाखान्यातून कळवलं हाय. काय झालं ते मी सांगनार हाय."

"नाही, ते तू सांग. पन पेवाचं कसं हाय... माहा बाप काय बी बोलून जाये. तापट मानूस. जागा विकली तं पेवासकट विकली, नाही का? खरेदीत 'आकाशपाताळासह' असंच लिहिलं असन."

देवमन त्याच्याकडे पाहतच राहिला. "पंजाबराव, पन्नास वर्सं तुमी आमचं पेव, आमचं पेव करून राह्यले ना?"

"गमतीनं, बाप्पा! पंगतीत मानूस काय बी बोलते." पंजाबरावनं बशी खाली ठेवली. "आता धोक्याची वस्तू ज्याची त्यानं सांभाळाची असते म्हन, पोरगी तुही सांगत होती मिस्त्रीले फोनवर, स्पीकरवर आयकलं मी. आपलं त्याच्याशी काही देनंघेनं नाही. हवं तं लिहून देतो."

"द्या लिहून," प्रियदर्शनी मागून शांतपणे म्हणाली आणि पेन पुढे केला.

पंजाबरावनं लिहून दिलं. वळणदार अक्षरात, नावासकट, तारखेसकट. तो गेल्यावर चतुराबाई नवऱ्याकडे वळली. "म्हंजे ज्याच्या भेवानं तुमी त्या गरिबाले खड्ड्यात घातलं, तो मानूस एका फोनवर लिहून द्याले तयार होता!" पन्नास वर्षं बापाची शिळा देवमननं छातीवर ठेवून घेतली होती, अन् ती अशी, चहाच्या एका बशीवर निघाली.

चार दिवस काम बंद राहिलं. पोलिसांनी येऊन जबाब घेतला, देवमननं होतं तसं सांगितलं. पेवाचं तोंड उघडं ठेवून भोवती काटेरी कुंपण केलं. मग मिस्त्रीनं कंदील सोडला. पहिल्या दिवशी विझला, तिसऱ्या दिवशी नीट जळला. गळ टाकून सबल काढली. पेवात मुरूम भरून ठोकला आणि प्रियदर्शनीनं कालम सरकवून नवा नकाशा दिला. खिडकीही सरकली. मिस्त्री पुटपुटला, पण ह्या वेळी देवमनला नाही, नकाशाला.

पाचव्या दिवशी सकाळी धर्मपाल आला. आशाबाईही आली. देवमनला वाटलं होतं, येणार नाहीत. आले, पण सातव्या खड्ड्याच्या फक्कीपाशी येऊन आशाबाई थांबली. धर्मपालच्या हातातली सबल तिनं आपल्या हातात घेतली.

"काकाजी," ती म्हणाली, "आता ह्याच्या खाली काय हाय?"

मिस्त्री चुळबुळला. मजुरीण मालकाची अशी झडती घेताना त्यानं कधी पाहिली नव्हती. देवमन मात्र उठून पुढे आला.

"सांगतो. इथं जुनी नाली होती, दीड फुटावर फरशा लागतीन. थ्या तिकडे कडुनिंबाची मुळी आली हाय, मांडीएवढी, तोडताना सबल उसळन. तिथं आठव्याच्या जागी आमची म्हैस पुरली हाय, सत्त्याण्णव साली, हाडं निंगतीन, घाबरू नका. नवव्यापाशी न्हानीचा शोषखड्डा होता, कधीचा बुजवला, पन माती भुसभुशीत हाय. तिथं एकदम खोल जाऊ नका, मिस्त्रीले बाजूनं फळ्या लावाले सांगा. अन् त्या तिथं, जास्वंदीपाशी..." तो थांबला. "तिथं प्रियदर्शनीची नाळ पुरली हाय. त्याचा धोका काही नाही."

"हे बी सांगतलं!" चतुराबाई म्हणाली.

"इचारलं तिनं. सारं सांगाचं." देवमनचे कान आज लाल नव्हते. "आनखी, आशाबाई, बाभळीखाली लाल मुंग्यायचं वारूळ हाय, तिथं डबा खाले बसू नका. शेडाच्या मागच्या टिनाले करंट येते पावसात, आता कोरडं हाय, तरी हात लावू नका. अन् पंजाबरावची भीत कच्ची हाय, तिच्याजवळ कोनी..."

"पुरे, पुरे काकाजी!" आशाबाई ओरडली. चार दिवसांत पहिल्यांदा तिला हसू फुटलं, आवरता आवरेना. "दिस मावळन असं सांगत बसले तं. खोदू द्या आता."

तिनं सबल नवऱ्याच्या हातात दिली. धर्मपालनं टोपी डोक्यावर दाबली, हातावर थुंकला आणि पहिला घाव घातला. दीड फुटावर नालीच्या फरशा लागल्या, देवमननं सांगितल्या होत्या तिथंच.